डोळे उघडे ठेवून धुळ्याला

धुळ्याहून आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, देवी काय म्हणाली. मी मान हलवते. मला चार माणसांत बोलता येत नाही, घशात लाडू बसल्यासारखं होतं. शाळेत चौथीपर्यंत होते तेव्हा बाई म्हणायच्या, वत्सला तोंडानं मुकी आणि पाटीवर बडबडी. म्हणून मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं घेऊन बसले आहे. ज्यांनी धुळं पाहिलं नाही त्यांना यातून थोडं कळेल. ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी माझ्यासारखं पाहिलं नसेल.

आधी मी देवी कशी झाले ते सांगते.

आमचं गाव रावेरजवळ, घराच्या मागच्या भिंतीपर्यंत केळी. श्रावणात आम्ही कानबाई बसवतो. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं, सगळं. दुसऱ्या दिवशी पाटावर बसवून, पाट डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायची. मागच्या वर्षी आरतीला सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले, आणि पाय कुणी काढून नेल्यासारखी आडवी झाले. पडता पडता समोरच्या बाईचा पदर धरला, तीही पडली. उठले तर माझ्या कपाळावर हळद, समोर चार बायका हात जोडून, आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, सगळ्यांना सांगत होत्या, "मले मालूम होतं. हिच्या लक्षणावरून मले कवाचंच मालूम होतं."

त्यानंतर मी डोळे मिटले की पडायची. मारुतीच्या देवळात पडले. तुळशीपुढे पडले. न्हाणीत तोंडाला साबण लावला की पडायची, पण तिथे आरती नसते म्हणून ते कुणी मोजलं नाही. मग मी युक्ती काढली. अर्धं तोंड धुवायचं, उजवा डोळा मिटून. मग डावं अर्धं. एक डोळा उघडा असला की उभं राहता यायचं. हे मी कुणाला बोलले नाही. कुणी विचारलंही नाही.

आणि खरं लिहायचं तर देवी असणं बरं असतं. सोळा वर्षं मी सगळ्यांच्या मागून जेवले, त्या वर्षी पहिलं ताट माझं. भांडी धाकट्या जावेकडे गेली. बायका येऊन पोरीचं लग्न कधी ठरेल विचारायच्या, मी लाजून "हूं" म्हणायची, त्यातून त्या महिना आणि तिथी दोन्ही काढायच्या. पायाला हात लावायच्या. तो हात मला समजायचा नाही, मी आपली समोर बघत उभी. त्यावर त्या म्हणायच्या, बघा, ही इथे नाहीच.

पण या ज्येष्ठात बायकांनी ठरवलं की यंदाच्या कानबाईचा पाट माझ्याच डोक्यावर द्यायचा. घरापासून नदीपर्यंत. उंबऱ्यावर पाट उचलताना सगळे डोळे मिटून नमस्कार करतात. तिथे मी पडले तर नारळ फुटणार, आणि कानबाई ज्या घराच्या उंबऱ्यावर फुटली त्या घराचं नाव सात पिढ्या कुणी चांगलं घेत नाही. मला घास जाईना. अक्कांना वाटलं, देवी जोरात आहे. त्यांनी ठरवलं की सुनेला धुळ्याच्या देवीला नेऊन आणायचं. धुळ्याला माझ्या नणंदबाई आहेत, सिंधूताई, राहायची सोय तिथे.

रावेर ते जळगाव

आमच्याकडच्या बायका एस. टी.चा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडतात. मीही सोडलं होतं. पण निघताना अक्कांनी देवीचं तीर्थ म्हणून तांब्याभर पाणी पाजलं. देवीला नाही कसं म्हणायचं, आणि अक्कांना तर त्याहून नाही.

सावदा येईपर्यंत मी शांत होते. फैजपूरला पोटातून पहिली खबर आली. पुढे केळीचे ट्रक आडवे लागले, गाडी थांबत थांबत चालली, आणि पोट आतून हाका मारायला लागलं. माझं अंग असं विचित्र. पाय वर्षभर मुके, आणि पोट एका तांब्यासाठी गाव गोळा करतं.

अक्का म्हणाल्या, "काहून गं अशी घामेघूम? येते का काय?"

"हो," मी म्हणाले.

अक्कांनी लगेच हात जोडले आणि शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं, "हिच्या अंगात येऊन राह्यली." ती बाई थेट मागच्या बाकावर गेली. मला खिडकी मिळाली. पण ज्यासाठी हो म्हटलं होतं ते भुसावळच्या स्टँडवर उतरून, गाडी सुटता सुटता धावत येऊन झालं. परत आले तर अक्का म्हणाल्या, "उतरली वाटते." मी म्हणाले, "उतरली."

जळगाव स्टँडच्या बाहेर अक्कांनी मला हिरवा चुडा भरायला बसवलं. देवीकडे मोकळ्या हातानं जायचं नाही. बांगडीवाली आमच्या अक्कांच्या वयाची, डोक्यावरून ओढणी, दात पानानं लाल. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं एकत्र दाबली, पंजा चेपला आणि अंगठ्याच्या हाडावरून काच सरकवायला लागली. दोन भरल्या आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं. तिसरी भरली आणि परत बघितलं.

"बाई," ती अक्कांना म्हणाली, "इनका हाथ तो कुछ बोलताच नै."

"म्हंजे?"

"इधर हड्डी पे चूडी आयी की हर औरत का हाथ बोलता. कोई खिंचती, कोई शी करती. चालीस साल से हाथ पकड रही मैं. ये चुप बैठी."

अक्का ताठ झाल्या. "तिच्या अंगात देवी येते."

"आती होगी, मैं कहाँ ना बोली? पर देवी आयी तो हाथ सुन्न कायको होना?" तिनं माझ्या करंगळीचं टोक चिमटलं. "लगा?"

"लागलं," मी म्हणाले.

लागलं नव्हतं. कणीक मळून हात न धुता वाळवले की बोटांवर कसा एक पापुद्रा धरतो, तशी माझी बोटं वर्षभर होती. पण माणसानं एवढ्या प्रेमानं चिमटा घ्यावा आणि आपण नाही लागला म्हणावं, हे बरं दिसत नाही.

स्टँडवर बसून आम्ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा खाल्ला. शेवटचा घास खाऊन अक्का म्हणाल्या, "बोलते लय ती."

धुळे

एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धुळ्याचे रस्ते रुंद आणि सरळ. आमच्याकडे रस्ता म्हशीला विचारून काढतात, इथे दोरी धरून काढला असावा. बोली वेगळी. आमच्याकडे "हाये" तिथे ह्यांचं "शे". रिक्षावाल्यानं विचारलं, "कथा जानं शे, माय?" अक्का मला म्हणाल्या, "काय म्हंते तो?" आणि मग त्यालाच ओरडून पत्ता सांगितला, जसा काही तो बहिरा आहे.

सिंधूताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. बोलणं साफ, चालणं झपझप, अक्कांना घाबरत नाहीत. हे मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. त्यांनी वरण-बट्टी केली होती. आमच्याकडे बट्टीबरोबर घोटलेली वांग्याची भाजी, त्यांच्याकडे शेवेची, तिखट इतकी की नाकातून पाणी. मला तिखट बरं वाटलं. तोंडाला तरी अजून सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पांझरा नदीच्या काठच्या देवीला गेलो. निघायला उशीर झाला, अकरा वाजले. चपला बाहेर. पुढे फरशीचं मोठं अंगण आणि वर ज्येष्ठाचं ऊन. बायका टणाटण उड्या मारत होत्या. एक म्हातारी नातवाच्या पाठीवर बसून चालली होती. अक्कांनी पदर गुडघ्यात खोचला आणि सत्तराव्या वर्षी अशा पळाल्या की मी बघतच राहिले.

मी आपली चालत गेले. सावकाश. मला कुठे काय होत होतं?

सावलीतल्या बायका बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "देख वं, तिना पायले चटका लागत नही." दुसरी म्हणाली, "आंगमा येस वाटस." अक्कांनी ते ऐकलं. त्यांना बोली समजत नव्हती, पण सुनेचं कौतुक कुठल्याही बोलीत समजतं. त्यांनी मान वर केली.

नारळ फोडायच्या दगडापाशी गर्दी होती, तिथून वळसा घालून मी ओटीच्या रांगेत उभी राहिले. डोळे टक्क उघडे. देवीपुढे सगळ्यांनी मिटले तरी मी मिटले नाहीत. आणि मागून एकदम ओरडा झाला, "पावलं! देवीनी पावलं!"

मी वळून बघितलं. फरशीवर नारळाच्या दगडापासून माझ्यापर्यंत लाल पावलं उमटली होती. एकच पाऊल, उजवं, एक-एक पाऊल सोडून. बायका वाकून बोट लावत होत्या आणि ते कपाळाला लावत होत्या. एकीनं तर नव्या सुनेच्या भांगात भरलं. अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. मला वाटलं आता मी सुटत नाही. आता मला हेच करावं लागणार, पाट काय, पालखीसुद्धा माझ्याच डोक्यावर.

सिंधूताई मागे होत्या. त्यांनी वाकून एका पावलाला बोट लावलं, वास घेतला, आणि पोरांना रांगेत बसवतात त्या आवाजात म्हणाल्या, "सरका बठ्ठ्या जनी. हाई कुंकू नही शे. रगत शे."

ज्या बायकांनी कपाळाला लावलं होतं त्यांची तोंडं मी अजून विसरले नाही.

खांबाच्या सावलीत बसवून सिंधूताईंनी माझा पाय मांडीवर घेतला. तळव्यात करवंटीचा तुकडा रुतला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यांनी तो ओढून काढला. मी बघत होते, जसा दुसऱ्याच कुणाचा पाय.

"दुखत नाही, वहिनी?"

"नाही."

अक्का उभ्याच होत्या. "चटका बी नाही लागला?"

"नाही."

"आन काल त्या बांगडीवालीचा चिमटा?"

मी हिरवा चुडा पदराखाली घेतला.

"काहून नाही सांगितलं कधी?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. एवढं लांब वाक्य मी अक्कांना सोळा वर्षांत बोलले नव्हते.

डॉक्टर

पायाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी सिंधूताई आम्हाला नसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. अक्का आल्या, पण भिंतीकडे तोंड करून बसल्या.

डॉक्टर तरणा, चष्मेवाला. त्यानं मला पलंगावर बसवलं आणि वाकून पट्टी नसलेल्या पायाला हात लावला. मी पाय ओढून घेतला आणि त्याला नमस्कार केला. त्यानं परत पाय धरला. मी परत ओढला, परत नमस्कार. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मावशी, आपण असं किती वेळ करायचं?"

मग त्यानं डोळे मिटायला सांगितले. बसल्या बसल्या मिटले की मी पडत नाही, म्हणून मिटले. तो पायाचं बोट धरून वर-खाली करणार आणि मी सांगायचं, वर की खाली.

मला काहीच कळेना. पण एवढा शिकलेला माणूस खाली बसून आपलं बोट हलवतो आहे, त्याला "कळत नाही" म्हणायचं? आणि दुसरंही मनात होतं. लिहायला लाज वाटते पण वही माझीच आहे. नाही म्हटलं की मी आजारी. आजारी म्हणजे देवी नाही. देवी नाही म्हणजे परत शेवटचं ताट आणि सगळी भांडी. मी म्हणाले, "वर." मग म्हणाले, "वर." मग परत, "वर." देव वर असतो, चुकलं तरी वर म्हटलेलं बरं.

"आता?"

"वर."

"मावशी, मी बोट सोडून दोन मिनिटं झाली. मी इकडे खुर्चीवर बसलोय."

भिंतीकडे तोंड केलेल्या अक्का खुदकन हसल्या. मग त्यांनीच तोंड आमच्याकडे फिरवलं.

डॉक्टरनं एक पोलादी दुफाटा काढला, चिमट्यासारखा, तळहातावर आपटला की गुणगुणायचा. माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "काही जाणवतं? थरथर?"

"हो."

"खरं?"

मी दुसऱ्या पायाची पट्टी नीट केली. त्यानं अक्कांना विचारलं, "आजी, तुमच्या पायाला लावू?" अक्का नको नको म्हणत लुगडं घोट्यापासून बोटभर वर घेऊन बसल्याही. त्यानं टेकवला आणि अक्कांनी पाय झटकला. "अग्गंमाय! गांधीलमाशी बसली हाडावर!" त्यांनी दुफाट्याकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. "तुह्या पायात असं होत नाही?"

सत्तर वर्षांच्या बाईचं हाड गुणगुणतं आणि माझं चाळिशीतलं गप्प. मला उंबरा दिसला, पाट दिसला, फुटलेला नारळ दिसला.

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच होत नाही. पाय कुठे आहेत ते बघावं लागतं. डोळे मिटले की पाय राहतच नाहीत. म्हणून पडते. देवी-बिवी मला माहीत नाही."

मला वाटलं अक्का उठून जातील. त्या उठल्या, पण माझ्या बाजूला येऊन पलंगावर बसल्या.

डॉक्टरनं समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. आपण न बघताही आपले हातपाय डोक्याला सारखं कळवत असतात, मी इथे आहे, असा वाकलोय, एवढा भार आहे. आपल्याला तो निरोप ऐकू येत नाही, पण त्याच्यावरच आपण उभे असतो. माझ्या पायांचा निरोप वाटेतच अडकत होता, कारण नसांना लागणारं एक जीवनसत्त्व अंगात उरलं नव्हतं. डोळे उघडे असेपर्यंत डोळे पायांचं काम करत होते. मला ते लगेच पटलं. घरात मोठी सून असतेच अशी. सगळं तिच्यावर चालतं, ती काही बोलत नाही, आणि ती आडवी झाली की मगच घर आडवं होतं.

रक्त तपासलं, तेच निघालं. डॉक्टरनं विचारलं, "दूध, दही काय खाता? अंडी?"

अंडी म्हटल्यावर अक्कांनी गळ्यातली माळ घट्ट धरली. "माळकरी हाओत आम्ही."

"मग दूध?"

दूध डेअरीला जातं. उरलेलं पुरुषांना, मग मुलांना, मग अक्कांच्या पेल्यात. मी कोरा चहा पिते. हे मी काही बोलले नाही, त्याची गरजही नव्हती. अक्का सांगत होत्या आणि सांगता सांगता आवाज बारीक होत चालला होता.

सुया लिहून दिल्या, आधी रोज, मग आठवड्यातून एक. डॉक्टर म्हणाला, नसा सावकाश जाग्या होतील, सगळ्याच होतील असं वचन देत नाही, तोवर डोळे उघडे ठेवा. देवापुढेसुद्धा. देव रागावणार नाही.

"तुले काय माहीत?" अक्का त्याला म्हणाल्या. पण कागद त्यांनीच घडी करून कनवटीला लावला.

परत

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं एवढंच की पाणी मी पोटाला विचारून प्यायले आणि भुसावळला "मला उतरायचं आहे" असं तोंडानं म्हणाले. कंडक्टर थांबला. इतकी वर्षं मला वाटत होतं की थांबत नाहीत.

गल्लीत शिरलो तर बायका ओट्यावर होत्याच. "अक्का, काय म्हणाली देवी?"

मी जमिनीकडे बघत उभी. अक्कांनी पिशवी खाली ठेवली.

"देवी म्हणाली, सुनेले रोज पेलाभर दूध पाजा. आन सुया टोचा."

"सुया?"

"मंग. देवी हाये, तिचं तिले माहीत."

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या चार घरांतल्या सुनांना दूध सुरू झालं. सुया मात्र कुणी घेतल्या नाहीत. अक्कांचा पेला माझ्याकडे आला, त्याच्या कडेला त्यांच्या दातांचा चेपलेला खड्डा आहे. भांडी अर्धी माझी, अर्धी जावेची. हे मला चालतं.

पाय महिन्याभरानं बोलायला लागले, तेही शिव्या देत. मुंग्या, कळा, रात्र-दिवस जळजळ. मी रडायची आणि आतून बरंही वाटायचं. एकदा न्हाणीत पूर्ण तोंडाला साबण लावला. भिंतीला हात टेकून, पण दोन्ही डोळे मिटून. पडले नाही.

कानबाईचा पाट माझ्याच डोक्यावर होता. नाही म्हणायचं धैर्य धुळ्यात आलं होतं, ते गावात टिकलं नाही. उंबऱ्यावर पाट माझ्या डोक्यावर ठेवला, गाणं थांबलं, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी मिटले नाहीत. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बघत होते की डोळे मिटलेली माणसं कशी दिसतात. कुणी ओठ चावून, कुणी जांभई दाबून, जाऊ तर चक्क डुलकीत. सगळी माझ्यावर भार सोडून बिनघोर.

एकच डोळा उघडा होता. अक्कांचा. हात जोडलेले, एक डोळा घट्ट मिटलेला आणि दुसरा माझ्या पायांवर. माझ्या कोपराखाली त्यांनी आपला खांदा आणून ठेवला होता, मला लागला तेव्हा कळलं. मला कळलं, म्हणजे तिथे कुणीतरी आहे हे न बघता कळलं.

मागून एक बाई कुजबुजली, "यंदा नाही आली वाटते हिच्या अंगात."

"मह्याकडे काय पाह्यते," अक्का ओठ न हलवता म्हणाल्या. "उंबरा पाह्य. उजवा पाय आधी."

मी उजवा पाय उचलला.